डोकी बाकावर, हात वर

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर काढलं होतं.

अध्यापक विद्यालयातलं माझं शेवटचं वर्ष, समोर चौथीचा वर्ग आणि नागरिकशास्त्राचा पहिला सराव पाठ. त्यात मुलांच्या बुटक्या बाकावर, अगदी मागे, गुडघे हनुवटीपर्यंत आलेला एक उंच माणूस बसलेला.

"पालकांनी बाहेर थांबायचं," मी म्हटलं.

तो निमूट उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "थांबतो. पण मी पालक नाही... अजून तरी. दुसऱ्या तुकडीतला आहे, तुमच्या पाठाचं निरीक्षण करायला पाठवलंय."

वर्ग खुदकन हसला. माझे कान तापले. तो परत येऊन त्याच बाकावर स्वतःची घडी घालून बसला.

पाठ होता, निर्णय सगळ्यांनी मिळून कसा घ्यायचा. शनिवारच्या मोकळ्या तासाला बाग की खेळ, हे मुलांनी ठरवायचं होतं. मी म्हटलं, हात वर करा. भराभर हात वर झाले, खेळ जिंकला, घंटा झाली. मी खूश.

"चांगला झाला पाठ," तो बाहेर आल्यावर म्हणाला. "फक्त ती खिडकीजवळची मुलगी... बागेसाठी तिने हात अर्धा वर केला, शेजारणीकडे बघितलं आणि खाली घेतला. मग खेळासाठी वर केला."

त्या मुलीला मी फार जवळून ओळखत होते. आमच्या घरी सगळं बाबा ठरवतात, आणि प्रेमाने ठरवतात, हेच अवघड आहे. माझी शाळा त्यांनी ठरवली, हे शिक्षकीचं शिक्षणही त्यांनीच. 'तुला आवडेलच' असं म्हणतात आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा आवडतंही. पण मला विचारलंय, असं कधी झालं नाही.

पुढच्या पाठाची तयारी आम्ही दोघांनी मिळून केली. मुलांनी डोकी बाकावर टेकायची, डोळे मिटायचे आणि मग हात वर करायचा. प्रश्न विचारताना आवाज कुठल्याच बाजूला झुकता कामा नये, म्हणून तो मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा.

"'बाग' म्हणताना तुमचा आवाज गोड होतो, बाई."

"तुम्हाला बरं ऐकू येतं, गुरुजी."

"गोड असलं की येतं."

वर्गात डोकी खाली गेली. खिडकीजवळचा तो हात वर आला, पूर्ण वर, बोटं ताणून. मला हे त्याला दाखवायचं होतं, म्हणून मागच्या बाकाकडे पाहिलं... तर तो माझ्याकडेच बघत होता. मी हात मोजायचे विसरले. मुलांना पुन्हा डोकी टेकवायला लागली.

त्यानंतर आम्ही अहोजाहो सोडून अरेतुरेवर आलो. त्याच्या बाहीवरचा खडू मी झटकायचे, तो मुद्दाम दुसऱ्या बाहीला लावून यायचा. मला तो आवडायला लागला होता. दिवसभरात ज्या कुणाशी बोलेन, त्यांच्यात मी त्याचंच बोलणं शोधत असे.

परीक्षा संपली आणि नेमणुकांचं वारं सुरू झालं. एके दुपारी प्राचार्याबाईंनी मला जिन्यात थांबवलं. "नदीपलीकडच्या शाळेत दोन जागा आहेत. तुम्ही दोघांनी मागितल्यात म्हणे. बरं केलंत."

मी मागितली नव्हती. त्याच्याबरोबर त्याच शाळेत जावं, हे मात्र मी रोज मनात घोळवत होते. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि माझे डोळे भरून आले.

तो चौथीच्या रिकाम्या वर्गात फळा पुसत होता.

"मला विचारलंस?"

त्याला लगेच कळलं. त्याने डस्टर खाली ठेवलं. "वाटलं, तुला आनंद होईल."

"बाबांनाही दर वेळी तेच वाटतं."

मीच बोलत राहिले. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. चौथीतल्या मुलीचा अर्धा हात तुला दिसतो. माझा दिसत नाही?"

"चुकलो," तो हळूच म्हणाला. "आत्ता जाऊन तुझं नाव काढायला सांगतो."

"आणि हे तरी मला विचारून करणार आहेस का?"

तो दारातच थांबला. चेहरा पार उतरलेला. मला हसू येत होतं आणि रडूही, पण हे हसण्यावारी न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. आज सोडून दिलं असतं, तर ते जन्मभर सोडावं लागलं असतं.

"बस," मी म्हटलं. "डोकं बाकावर. डोळे मीट."

तो बसला. शेजारच्या बाकावर मीही डोकं टेकलं. लाकडाला शाईचा वास होता. आवाज सरळ ठेवून मी म्हटलं, "या दोघांनी एकाच शाळेत जावं असं ज्यांना वाटतं..."

"शाळेपुरतंच?" बाकावरून दबका आवाज आला.

"...शाळेत, आणि पुढेही बरोबर राहावं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कुणी बघत नव्हतं. बाबा नाहीत, प्राचार्याबाई नाहीत, तोही नाही. मी मलाच विचारलं, नीट विचारलं, आणि हात वर केला.

मग राहवेना, म्हणून एक डोळा उघडला. त्याचा हात खालीच होता.

"तू... हात नाही वर केलास?"

"माझं मत मी प्राचार्याबाईंकडे आधीच देऊन बसलोय," तो डोळे न उघडता म्हणाला. "दोनदा देता येत नाही. तुझंच घ्यायचं राहिलं होतं." जरा थांबून त्याने विचारलं, "काय झालं त्याचं? सांगशील?"

"डोळे उघड," मी म्हटलं, "आणि मोज."

त्याने मान वर केली. माझा हात अजून वरच होता.