झाकणावरची खाच

टक्...!

बरणीच्या झाकणाखाली चमच्याची कड सरकवून स्तामेनाने हलकेच दाबली, आणि आत हवा शिरल्याचा तो एवढासा आवाज पहाटेच्या निजलेल्या स्वयंपाकघरात असा काही घुमला, की तिचं काळीज लक्कन हललं. पायांत चपला नव्हत्या, दिवा लावलेला नव्हता. श्वास रोखून ती तशीच उभी राहिली... आणि पलीकडच्या खोलीतून रोजच्यासारखी ती हाक आलीच.

"ग्राद? उठलास का रे बाळा?"

स्तामेनाने उत्तर दिलं नाही. कसं देणार? ज्याला ही हाक होती तो ग्रादिमिर, तिचा नवरा, टेकडीवरच्या दफनभूमीत मातीखाली निजला त्याला आज बरोबर एक वर्ष होत होतं!

"उघडलीस ना बरणी? जा मग, शेतावर उशीर होईल तुला," सासूचा आवाज पुन्हा आला, वात्सल्याने ओथंबलेला, तृप्त. असा आवाज पर्सिदाच्या गळ्यात आहे हे दिवसा पाहणाऱ्याला खरंसुद्धा वाटलं नसतं. मग खाटेची करकर झाली आणि पुन्हा सगळं शांत झालं.

स्तामेनाने झाकण नुसतंच वर टेकवून ठेवलं, चमचा ॲप्रनला पुसला आणि मागच्या दाराने ती गोठ्याकडे निघून गेली. वर्षभर ती स्वतःच्याच घरात अशी वावरत होती, मेलेल्या माणसाच्या पावलांनी.

पर्सिदाची बोटं संधिवाताने धरली त्याला दहा वर्षं झाली होती. सांधे अक्रोडासारखे फुगलेले, बोटं एका बाजूला कललेली. सकाळी अंथरुणातून उठायला तिला तास तास लागायचा, कारण रात्रभरात सगळं अंगच आंबून जायचं. थंडीसाठी भरून ठेवलेल्या बरण्या, भाजलेल्या लाल मिरच्यांचं आयवार, आलुबुखाराचा मुरांबा, लोणची, त्यांची घट्ट बसलेली झाकणं तिला कुठली उघडायला! ते काम ग्रादचं. शेतावर जाण्याआधी तो आपल्या फावड्यासारख्या पंज्यात झाकण धरायचा, एकच हिसडा द्यायचा आणि ओरडायचा, "आई, तुझा खजिना उघडला गं!"

गेल्या सप्टेंबरात मिरच्या आणायला म्हणून तो लेस्कोवत्सच्या बाजारात गेला आणि उतारावर ट्रॅक्टर उलटला. त्या सकाळी फाटकाशी उभी राहून "आजच आणा" असं त्याला म्हणाली ती स्तामेना. ते साऱ्या शेजाराने ऐकलं होतं. पण आदल्या संध्याकाळी अंगणात बसून "अख्ख्या गावाच्या मिरच्या भाजून झाल्या, आमच्याच घरात आळशांचा बाजार!" असं तासभर कोण बडबडत होतं, ते ऐकायला शेजारी नव्हते. ते फक्त दोघींना ठाऊक होतं. आणि दोघींपैकी एकीने ते मनाच्या तळाशी गाडून टाकलं होतं, तर दुसरीने ते कधी उच्चारलंच नाही... मुलगा गेलेल्या आईच्या अंगावर ते कसं फेकायचं?

"माझा मुलगा खाल्लास तू!" थडग्यावर माती पडत असतानाच पर्सिदा किंचाळली होती. "तुझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही मी!"

आणि खरंच घेतलं नाही हो! त्या वाकड्या हातांनी आपलं आपण रांधू लागली. ताट पडायचं, सूप सांडायचं, अंगातल्या लोकरी जाकिटाची बटणं लागायची नाहीत म्हणून थंडीत उघड्या छातीने बसायची. पण स्तामेना पुढे झाली की तो हात असा झिडकारायची, की जणू विंचूच चढत होता.

तेराव्या की चौदाव्या दिवशी स्तामेनाला राहवलं नाही. पहाटे उठून तिने एक बरणी उघडून ठेवली. बस्स, एवढंच. सासूने मुकाट्याने खावं, कुणी उघडली हे विचारू नये, इतकीच तिची आशा. पण पर्सिदाने ते सुटलेलं झाकण पाहिलं, दोन्ही तळव्यांमध्ये ती बरणी छातीशी धरली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर माणसासारखं काहीतरी उमटलं.

"आला होता," ती पुटपुटली. "माझा ग्राद आला होता...!"

त्या एका क्षणी सांगून टाकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तुम्ही तो चेहरा पाहिला नव्हता.

मग एक दिवस पर्सिदा चर्चमध्ये गेली असताना स्तामेनाने पिठाच्या पोत्याच्या पट्ट्या फाडून स्वतःचीच बोटं करकचून बांधून घेतली आणि तशा बांधलेल्या हातांनी ती घरभर फिरली. काय काय करता येत नाही, ते तिने अंगावर घेऊन पाहिलं. दाराची गोल मूठ फिरत नव्हती. भरलेली किटली उचलवत नव्हती. बटाटा हातातून निसटत होता, चमचा बोटांत टिकत नव्हता. रडत रडत ती खुर्चीत बसली, तर खुर्चीतूनही हात न टेकता उठवेना!

आणि मग एकेक गोष्ट आपोआप बदलत गेली. एका सकाळी चमच्यांच्या दांड्यांना जुन्या मोज्यांच्या चिंध्या गुंडाळलेल्या दिसल्या, जाड, मुठीत मावणाऱ्या. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे आले. भाजी चिरायच्या फळीतून दोन खिळे वर निघाले, त्यांच्यावर बटाटा रोवला की तो हलायचा नाही. दाराच्या मुठीला चामड्याचा पट्टा आला, कोपराने ओढता येईल असा. जाकिटाची बटणं गेली आणि त्यांच्या जागी मोठाले लाकडी तुकडे आणि दोरीचे फास आले. किटली रोज अर्धीच भरलेली असायची. जड पातेल्याखाली घडी घातलेलं फडकं असायचं, म्हणजे ते उचलायला नको, चुलीपर्यंत सरकवत न्यावं.

"सून दगडासारखी बसून असते," पर्सिदा कुंपणापाशी शेजारणींना सांगायची, "पण मुलगा बघतो हो माझं! मेला तरी बघतो!" शेजारणी छातीवर क्रूसाची खूण करून पटापट घरात शिरायच्या. आणि स्तामेना मागे धुणं वाळत घालताना ते ऐकायची. तिच्या अंतःकरणात दोन बायका एकदम रडायच्या: एक, जिची सेवा दुसऱ्याच्या नावावर जात होती ती, आणि दुसरी, जिला वाटायचं, असू दे, निदान एवढ्यापुरता तरी तो या घरात आहे.

गोष्ट पसरत पसरत निश शहरात पोचली. ग्रादची थोरली बहीण मिलुंका तिथे चौथ्या मजल्यावर राहत होती. वर्षश्राद्धासाठी ती आदल्या संध्याकाळीच येऊन थडकली होती, आणि आता सकाळी नऊ वाजता टेबलावर साखर घातलेला उकडलेला गहू, मेणबत्त्या आणि राकिया दारूची बाटली मांडून ती आईला म्हणाली, "आई, आवर. अकराला पाद्रीबाबा थडग्यावर यायचेत."

"कुणाच्या थडग्यावर?" पर्सिदाने पावावर आयवार पसरत विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? ग्रादच्या!"

"मी नाही येत. जिवंत माणसाचं श्राद्ध करू? ही बघ बरणी. आज पहाटेच उघडून गेलाय. माझ्याने उघडते का ही? बघ हे हात!"

मिलुंकाच्या हातातली मेणबत्ती गळून पडली. ती वहिनीकडे वळली. "आणि तू हे वर्षभर ऐकून घेत होतीस? मला एका शब्दाने कळवलं नाहीस? आईचं डोकं फिरलंय, वहिनी! लोक हसतायत!" मग खुर्चीत धप्पकन बसून ती हळू आवाजात म्हणाली, "मी जागा बघून ठेवलीय. निशजवळच्या वृद्धाश्रमात. अशा बायकांसाठी वेगळा मजला आहे तिथे, दारं बाहेरून लावून घेतात. सोमवारी नेते मी तिला."

"मी येणार नाही!" पर्सिदाचा आवाज फुटला. त्यात राग नव्हता, लहान मुलाची भीती होती. "मी इथून गेले तर तो मला शोधणार कुठे गं? सकाळी येईल, बरणी उघडेल, आणि मी नसेन...!"

स्तामेना भिंतीला टेकून उभी होती. सांगितलं, तर या माउलीचा मुलगा आज दुसऱ्यांदा मरणार होता, आणि तोही पुन्हा स्तामेनाच्याच हातून! नाही सांगितलं, तर शहाण्या बाईला वेडी ठरवून कुलपाआड नेणार होते. देवा, दुसरी वाट का नाही ठेवलीस? तिने डोळे मिटले. ग्रादचा चेहरा आठवून पाहिला, तर तोही गेल्या काही दिवसांत पुसट व्हायला लागला होता.

"ताई," ती म्हणाली, "आईंचं डोकं ठिकाणावर आहे. वेड लागलं असेल तर ते मला. बरण्या मी उघडते."

"खोटं!" पर्सिदा किंचाळली. "खोटारडी! मुलगा खाल्लास, आता त्याचं येणंसुद्धा खातेस?"

स्तामेनाने शेल्फाखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि टेबलावर उपडा केला. वर्षभराची झाकणं खणखणत पसरली, पुढच्या मोसमासाठी जपून ठेवलेली. "बघा, आई. प्रत्येकाची कड वाकलीय. माझ्या हातात त्यांच्याएवढा जोर नाही. मी चमचा घालते, मगच निघतं."

पर्सिदाचे वाकडे हात त्या झाकणांवर उतरले. अंगठ्याच्या बाजूने ती एकेक कड चाचपू लागली. इथे खाच. इथेही. इथेही...

"लागायची मला," ती अगदी हळू म्हणाली. "रोज लागायची ही खाच हाताला. मी म्हणायचे, माझीच बोटं मेली, त्यांना काय कळतंय..."

हात पुढे सरकत राहिले, आणि एका झाकणावर थांबले. ते गुळगुळीत होतं. तिने ते दोनदा, तीनदा फिरवून पाहिलं. "हे?"

"ते त्यांनी उघडलेलं," स्तामेना म्हणाली. "त्या सकाळचं. शेवटचं."

आणि मग पर्सिदाने हंबरडा फोडला! वर्षभर जो फुटला नव्हता, जो थडग्यावरही फुटला नव्हता, कारण तिथे नुसता संताप होता. "ग्राद! माझ्या लेकरा! गेलास रे...!" ते झाकण गालाशी दाबून ती मागेपुढे झुलत राहिली, आणि मिलुंका खाली बसून आईच्या गुडघ्यांना मिठी मारून रडू लागली. स्तामेना मात्र जागची हलली नाही. जवळ जायचा अधिकार तिला वर्षापूर्वीच नाकारलेला होता.

बऱ्याच वेळाने पर्सिदाने मान वर केली. "खुर्चीसुद्धा तूच उंच केलीस?"

"हो."

"ही बटणं? ते खिळे?"

"हो, आई."

"तरीच," पर्सिदा रडता रडताच म्हणाली, "त्याला कुठलं एवढं सुचायला! बैल होता माझा पोर, बरणी उघडण्यापलीकडे काय येत होतं त्याला..." मग तिचा आवाज एकदम खोल गेला. "मिरच्यांची घाई कुणी केली होती गं?"

स्तामेना खाली पाहत राहिली.

"मी केली होती. तासभर बडबडले मी. आणि तुला खुनी म्हटलं भर दफनभूमीत. तू एकदा तरी का नाही बोललीस? तुला जीभ नव्हती?"

"बोलून काय झालं असतं?" स्तामेनाच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या. "तुम्ही जगला नसता, आई. मला एकटीलाच या घरात राहायचं होतं होय? निदान तुम्ही तरी हव्या होत्या..."

मिलुंका डोळे पुसत उठली. "आश्रमात मी कळवून टाकते," ती भावजयीकडे न बघताच पुटपुटली, "येत नाही म्हणून." गव्हाचं भांडं आणि मेणबत्त्या उचलून ती बाहेर जाऊन थांबली.

"सूनबाई," पर्सिदा म्हणाली. वर्षभरात या नावाने तिने हाक मारली नव्हती. "माझ्या पेटीत तळाशी काळा रुमाल आहे. आण."

त्या घरात वर्षभर शोकाचं काळं घालत होती ती एकटी स्तामेना. मुलगा जिवंत असलेल्या बाईने काळं का बांधावं, म्हणून पर्सिदाने फुलाफुलांचाच रुमाल डोक्यावर ठेवला होता. स्तामेनाने काळा रुमाल आणला, झटकला, फुलांचा सोडून हळुवारपणे त्या पांढऱ्या केसांवर घातला. हनुवटीखाली गाठ मारायला ती वाकली, तसा पर्सिदाने तिचा हात आपल्या वाकड्या बोटांनी धरला.

"एक सांग. तो... एकदाही नव्हता आला का गं? एखाद्या सकाळी तरी? एखादी बरणी तुझ्या आधीच उघडलेली...?"

एक शब्द खोटा बोलली असती तर त्या म्हातारीचा उरलेला जन्म सुखात गेला असता. स्तामेनाला ते कळत होतं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मीसुद्धा रोज वाट पाहिली."

पर्सिदाने हात सोडला आणि हनुवटी वर केली.

"बांध मग," ती म्हणाली.