आधी जवळ, मग औषध

शब्दकोशाच्या कचेरीत शिडीवरून पडणारी मी पहिलीच. घोटा टम्म सुजला आणि मला समोरच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, बरा दिसत होता आणि – इथेच घात झाला – हसरा होता.

पट्टी बांधता बांधता त्याने विचारलं, काम काय करता? म्हटलं, सध्या 'उपचार' या शब्दाचा अर्थ लिहितेय. त्यात काय लिहायचं, औषध दिलं की झाला उपचार, असं तो अगदी बिनधास्त म्हणाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"उप म्हणजे जवळ. चर म्हणजे वावरणं," मी सुनावलं. "माणसाच्या जवळ राहून त्याची सेवा करायची, तो उपचार. औषध त्यात मागाहून आलं."

पट्टीचं टोक त्याच्या हातातच राहिलं. मग त्याचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, "म्हणजे मी आजवर अर्धाच करत होतो..."

पुढच्या खेपेला त्याने 'औषध' कुठून आलं ते विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेसाठी मी घरून तयारी करूनच निघाले. आई म्हणाली, पाय मुरगळलेली माणसं काजळ घालून जात नाहीत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण त्या दिवशी त्याने मान वर केली नाही. यापुढे तुम्हाला मोठ्या मॅडम तपासतील, तेच बरं, एवढंच बोलला. झालं! मी आपली हवेत इमले बांधत बसले होते. घरी येऊन पाय दुखतोय सांगितलं आणि पोटभर रडून घेतलं.

मॅडमनी पाय ठणठणीत केला. काठी सोडून कामावर गेले, तर कचेरीच्या दारात तो उभा. अंगात पांढरा कोट नाही, हातात हेल्मेट.

"इथे कोणी आजारी नाही," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"म्हणून तर आलो. आपल्याच पेशंटला असलं काही विचारायचं नसतं, आमच्यात तसा नियम आहे." तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "तुम्ही दुसऱ्यांदा आलात तेव्हाच कळलं, आपलं काही खरं नाही. म्हणून मॅडमकडे पाठवलं. आता तुम्ही माझ्या पेशंट नाही, तर... मला तुम्ही फार आवडता."

आतल्या सगळ्या टेबलांवरच्या माना एकदम दाराकडे वळल्या. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"अहो, मग आधी सांगायचं ना," मी म्हटलं. "मी दुसऱ्याच दिवशी बरी झाले असते."