किटलीचं झाकण

"तळलेलं खाशील तर उष्ण पडेल," निघताना आईने बजावलं होतं. "आणि खाल्लंसच, तर वर कडू काढा प्यायल्याशिवाय झोपू नकोस."

विंगसम नुसती हसली. हाँगकाँगहून ग्वांगझोऊ तासाभराच्या अंतरावर. चार दिवसांची सुट्टी, आणि जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत जे जे विकतात ते ते खाऊन बघायचं, एवढाच बेत. उष्ण-थंडाच्या गोष्टी आयांनी कराव्यात.

मार्च होता. हवेत इतका ओलावा की भिंतींना घाम फुटलेला. झिमझिम चुकवायला ती एका छपराखाली शिरली, ती नेमकी होइचिंग नावाच्या तळणीवाल्याच्या कढईसमोर. तिळात घोळलेले गोळे तेलात फुगत होते आणि तोंड उघडून हसल्यासारखे तडकत होते.

"सगळे हसतायत," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक बघून हसतात." मग त्याने मान वर केली... आणि तो घाणा जरा जास्तच लाल झाला.

चौथ्या गोळ्यानंतर तोच म्हणाला, "आता पुरे. घसा धरेल."

"विकणाराच नको म्हणतो?"

"विकतो म्हणून तर माहितेय."

तिने पाचवाही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घशातून आवाजच निघेना. काढ्याचं दुकान शोधत ती निघाली, तर ते त्याच्या शेजारीच! भल्यामोठ्या पितळी हंड्यामागे लिनकाकू बसलेल्या.

"जीभ काढ," त्यांनी फर्मावलं. आधी जीभ पाहिली, मग शेजारची कढई. "किती खाल्लेस?"

विंगसमने पाच बोटं दाखवली.

"हा माझा पुतण्या. हा माणसं आजारी पाडतो, मी बरी करते. एकाच घरातला धंदा आहे, बाई."

काळाकुट्ट काढा तिने डोळे मिटून घशाखाली ढकलला. डोळे उघडले तर समोर होइचिंग, तळहातावर खारवलेल्या आलुबुखाराची फोड घेऊन.

"चूक माझी," तो म्हणाला. "पाचवा द्यायलाच नको होता. आता दोन दिवस न तळलेलं खाऊ घालतो. भरपाई म्हणून."

त्याच्या काचेच्या कपाटात 'बायको-पेस्ट्री'ची चळत होती, आत कोहळ्याचं सारण असलेली. काकूंनी डावानेच तिकडे खूण केली. "वयाची बत्तीस उलटली. घरात बायको म्हणून एवढीच आहे त्याच्या."

"काकू..."

"खोटं बोलतेय का मी?"

मग दोन दिवस ती त्याच्या मागे फिरली. मातीच्या वाटीत वाफवलेली, काडीवर खोचून दिलेली लाल चवळी घातलेली तांदळाची गोड चकती. पलीकडचं दिसेल अशी शिंगाड्याची वडी. म्हशीच्या दुधावर दोनदा धरलेली, चमच्याखाली थरथरणारी साय. बोलायचा तो. तिने फक्त टेबलावर दोन बोटांनी टकटक करायची. चहा ओतणाऱ्याचे तिकडे आभार मानतात, तशी.

"तुम्ही नुसते आभारच मानता."

"भांडायला आवाज नाही," ती कुजबुजली.

"मग बरं झालं पाचवा दिला ते."

चौथ्या दुपारी ते चहाच्या दुकानात बसले. सहाची गाडी होती. तिने मनात पन्नासदा वाक्य जुळवलं आणि पन्नासदा मोडलं. एकदा गाडीत बसलं की हा फक्त सहलीतली एक चव होऊन जाणार... आणि तसं तिला व्हायला नको होतं.

होइचिंगने किटली हलवून पाहिली. रिकामी. पाणी हवं असलं तर तिथे कोणी हाक मारत नाही. झाकण तिरकं ठेवलं की वाढणारी बाई आपोआप येते. त्याने मात्र झाकण नीट, हलक्या हाताने बसवलं.

"उठूया," तो म्हणाला. "उशीर होईल तुम्हाला. परत आलात तर... म्हणजे काढा प्यायला. काकू विचारतील."

"काकूच विचारतील?" आवाज घोगरा होता, पण फुटला.

तो कपाच्या तळाशी बघत राहिला. "मी रोज विचारेन," तो म्हणाला.

तिने हात पुढे केला. झाकण उचललं आणि किटलीच्या कडेवर तिरकं टेकवून ठेवलं. बाई आली, वाफाळतं पाणी ओतून गेली.

"गाडी चुकेल," तो हळूच म्हणाला.

"सातलाही आहे. ओत आता."

त्याने ओतलं. तिने दोन बोटं टेकवली, टेबलावर नाही... त्याच्या मनगटावर.

त्याला तीन वर्षं झाली. होइचिंगची कढई आता हाँगकाँगला, विंगसमच्या आईच्या घराखाली असते. "माझ्या हंड्याला पुतण्या लागत नाही," असं म्हणून काकूंनीच त्याला गाडीत बसवून दिलं, आणि पाठ फिरवून बराच वेळ हंडा पुसत राहिल्या. आठ महिन्यांच्या लेकीला झोपवताना विंगसमला रोज ते आठवतं. एवढं देऊन टाकणारं माणूस, आणि आपण दिलं काय, तर दोन बोटांची टकटक.

परवापासून काकू फोन उचलत नाहीत. चार्ज केला नसेल. त्यांचं नेहमीचंच आहे. पण बाळाला ताप आहे, होइचिंगला रविवारपर्यंत निघता येत नाही, आणि विंगसमचं चित्त थाऱ्यावर नाही. तुमच्यापैकी कोणी ग्वांगझोऊच्या त्या जुन्या वस्तीत जाणार असेल, तर पितळी हंडा दिसेल तिथे जरा थांबा. घसा दुखत नसला तरी एक पेला मागा.

"जीभ काढ," म्हणाल्या, की समजा बऱ्या आहेत. तेवढं विंगसमला कळवा.