जवळच्या माणसाचा नमुना

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात विझवलेली सिगारेट कागदात गुंडाळत होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता. पांढरा ॲप्रन, हातात रिकाम्या नळ्यांचा स्टँड. त्याने नुसता एक श्वास घेतला.

"मुलाखतीला आलात ना? पुदिन्याची गोळी खाऊ नका. इथे सगळे त्यावरूनच ओळखतात."

गोळी माझ्या जिभेवरच होती...

मी नर्स. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा एवढा मोठा कक्ष आसपास दुसरीकडे नव्हता, आणि मला त्याच बाळांजवळ काम करायचं होतं. पण तंबाखूची सवय असलेल्याला इथे घेत नसत. मुलाखत छान झाली, लघवीच्या तपासणीत निकोटिन सापडलं. तीन महिन्यांनी पुन्हा या, पण ती संधी शेवटची, असं मेट्रननी शांतपणे सांगितलं. आईला माझी सवय त्याच दिवशी कळली. "बाळांना काय धुरी देणार होतीस?" एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

निकालाचा कागद घेऊन मेट्रनच्या खोलीतून बाहेर पडले होते तर लॅबच्या दारात तो उभा. त्याने धीर दिला नाही, उपदेशही केला नाही. एक गंमत बघायला चला, म्हणाला.

त्याने स्वतःच्या नाकात बारीक ब्रश फिरवला, पेशी काचपट्टीवरच्या थेंबात सोडल्या आणि मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. मी डोळा लावला. पेशींच्या कडेला केसांहून कितीतरी बारीक धागे होते आणि सगळे मिळून डोलत होते, वाऱ्यावर पिकाचं शेत डोलावं तसे. पुस्तकात मी हे वाचलं होतं. श्वासातली धूळ बाहेर ढकलणारे धागे, परीक्षेत गुणही मिळवले होते त्यावर. पण ते असे... शरीरापासून तुटूनही आपलं काम न सोडणारे!

"आता माझे," मी म्हटलं.

माझं शेत सुस्त होतं. बराच वेळ काही हललं नाही. मग एका कोपऱ्यात एक झुळूक आली. कुणी न सांगता.

"बघा," तो हळूच म्हणाला, "अजून रुसलेले नाहीत तुमच्यावर."

त्या दिवसापासून मी सिगारेटला हात लावला नाही. हुक्की आली की त्याला फोन करायची. तो अगदी गंभीरपणे कालच्या भाजीत मीठ किती पडलं ते सांगत बसायचा, आणि हसता हसता हुक्की निघून जायची. संध्याकाळी आम्ही चालायला जाऊ लागलो. पायऱ्या चढताना मला धाप लागली की तो बुटाची नाडी बांधायला थांबायचा. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

तीन महिन्यांनी, दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मात्र तो लॅबच्या नमुने घ्यायच्या खिडकीवर नव्हता. नमुना त्याच्या वरिष्ठ मॅडमनी घेतला आणि चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं. नेमका आजच हा कुठे तोंड लपवून बसला? मला रडू येईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रननी सांगितलं, तपासणी स्वच्छ आहे, सोमवारपासून या. मी धावत मागच्या जिन्याकडे गेले. तो तिथे पायरीवर बसला होता.

"मला वाटलं होतं, माझा नमुना तूच तपासशील."

"नियम आहे आमच्याकडे," तो हातांकडे बघत म्हणाला. "जवळच्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नाही. मन एका बाजूला कलतं."

"जवळचं म्हणजे?"

"आई... भाऊ... बायको."

मी त्याच्या शेजारी बसले. "मग मॅडमनी विचारलं असेल, ही तुझी कोण?"

"विचारलं ना."

"काय सांगितलंस?"

त्याचे कान लाल झाले होते. "म्हटलं — तिला अजून विचारलेलं नाही."

पाऊस त्या दिवशीसारखाच भुरभुरत होता. ओल्या मातीचा वास आला, किती दिवसांनी इतका स्पष्ट. मी खोल श्वास घेतला, अगदी तळापर्यंत. आत कुठेतरी, कुणी न सांगता, ते शेत डोलत होतं.

"मग विचार की," मी म्हटलं.