खाली पोहोचल्यावर एकदा हॉर्न

बस इथे. दिवा जरा तुझ्या बाजूला सरकव, माझ्या डोळ्यांवर येतोय. उद्या तू तुझ्या नव्याकोऱ्या मोटरसायकलवर एकटी निघणार, आणि तीही त्याच घाटातून. तुझ्या आईला वाटतंय, मावशी चार समजुतीच्या गोष्टी सांगून पोरीला अडवेल. मी काही अडवणार नाही. फक्त एक हकिगत सांगते, ती शेवटपर्यंत ऐक.

माझं काम तुला माहीत आहेच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. तुझे काका गेले, तेव्हा त्यांची निळी मोटरसायकल अंगणात कव्हरखाली उभी होती. ज्याला त्याला ती विकायची घाई. मी मात्र पन्नाशी उलटल्यावर ती शिकायला घेतली. गुडघे फोडून घेतले, शेजारणीच्या दोन कुंड्या फोडल्या, तिची बोलणी खाल्ली, पण शिकले. सकाळी किल्ली फिरवून गाडी सुरू झाली, की वाटायचं अजून आपलं काहीतरी सुरू आहे.

माझ्या लेकीला हे मुळीच पटलं नव्हतं. तिचं घर घाटापलीकडे, चांगलं लांब. मी गाडीवरून एकटी तिच्याकडे येतेय म्हटल्यावर तिने फोनवर अट घातली.

"आई, वाटेत कुठूनही मला फोन करून 'न्यायला ये' म्हणालीस, तर गाडी विकायची. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. नाही म्हटलं असतं, तर तिथेच हरले असते. गाडी गेली असती, तर पुढे लेकीच्या घरातली कोपऱ्यातली खोली आणि 'आई, तू बस, मी करते' एवढंच उरलं असतं. लेक गुणाची आहे, पण मला ती खोली नको होती.

निघाले. पहिले काही दिवस अगदी सरळ गेले. भीती वाटली ती रस्त्याची नाही, माणसांची. एकटी बाई म्हटल्यावर कोण कसं वागेल कोण जाणे. पण ओळख ना पाळख, माणसं नुसती देत सुटली होती. एका पंक्चरवाल्याने चाक बसवून झाल्यावर मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, मागचा दिवा गेलाय तुमचा. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार कशा?" न सांगताच त्याने नवा बल्ब बसवला. एका ट्रकवाल्याने पहिला चढ लागायच्या आधी मला बाजूला घेऊन शिकवलं, "ताई, उतारावर गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवायची. ब्रेकवर जीव टाकायचा नाही, घसरते." पेट्रोल पंपावरच्या बाईने माझी गारठलेली बोटं पाहिली आणि स्वतःचे लोकरीचे हातमोजे काढून माझ्या हातात कोंबले. "परत येताना द्या," म्हणाली. मी परत येणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. मला त्याचंच जास्त बरं वाटलं.

घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर थांबले, तेव्हा दुपार कलली होती. डोंगर दिसतच नव्हता. धुकं असं खाली उतरलं होतं, की रस्ता थोडा पुढे जाऊन पुसल्यासारखा संपत होता.

"एकट्या जाऊ नका," चहावाली म्हणाली. "इथली एक रीत आहे. पुढे कोणाचा लाल दिवा दिसला, की त्याच्या मागे लागायचं आणि आपला डावा इंडिकेटर लावायचा. मग त्याला कळतं, मागे कोणीतरी आहे. तो तुम्हाला सोडून जात नाही. पार पलीकडे खाली उतरलात, की तुम्ही एकदा हॉर्न द्यायचा. तो ऐकल्याशिवाय पुढचा आपल्या वाटेला लागत नाही."

"आणि पुढे कोणी नसलंच तर?"

ती ग्लास पुसत राहिली. बराच वेळ पुसला.

"कोणीतरी येतंच," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

मी हेल्मेटच्या काचेवर आतून कोरडा साबण फिरवून पुसून घेतला. दुकानातली युक्ती आहे, काचेवर वाफ धरत नाही. मग निघाले.

दोन वळणं गेली आणि जग संपलं. वर पांढरं, खाली पांढरं, पुढचं चाकही धूसर. माझ्याच इंजिनाचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. ओल्या मातीचा वास येत होता आणि त्यात आणखी एक वास होता. बरीच वर्षं बंद असलेली खोली उघडली, की येतो ना, तसा. उघड्यावर, डोंगरात, तो वास कशाला यावा?

तेवढ्यात पुढे लाल दिवा दिसला. जुनी मोटरसायकल होती. मागच्या दिव्याची काच फुटलेली, म्हणून तिच्यावर लाल फडकं बांधलेलं, आणि त्यातून उजेड झिरपत होता. माझा जीव भांड्यात पडला. मी डावा इंडिकेटर लावला. पुढच्याने मान किंचित हलवली आणि वेग कमी केला.

गडी नेत होता मात्र झकास. वळण यायच्या आधी दिवा हळूच बाजूला घ्यायचा, खड्डा आला की थबकायचा. मी अगदी निश्चिंत होऊन त्याच्या मागे चालले होते. मग एका चढाच्या वळणावर त्याच्या फार जवळ गेले, आणि माझ्या लक्षात आलं, की मला फक्त माझंच इंजिन ऐकू येतंय. त्याच्या गाडीला आवाज नव्हता. धुराचा वास नव्हता. एवढा चढ चढलेली गाडी, तिच्या सायलेन्सरची धग पायाला लागायला हवी. तिथून गार हवा येत होती.

परत फिरावं म्हटलं, तर मागे काहीच दिसत नव्हतं. गेले तशीच.

माथा ओलांडून थोडा उतार लागला आणि तो थांबला. डावा पाय जमिनीवर टेकला आणि तसाच राहिला. मी मागे थांबले. बाजूचा कठडा तुटलेला होता. तुटक्या जागी कोणीतरी नुसते दगड रचून ठेवले होते, आणि त्यांच्यावर शेवाळ चढलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने मान वळवली नाही.

"इथून पुढचा रस्ता मला माहीत नाही..."

"म्हणजे? तुम्ही तर पुढे होतात."

"इथपर्यंतच आलोय मी. दर वेळी... इथपर्यंतच."

मी त्या तुटक्या कठड्याकडे पाहिलं, त्या शेवाळलेल्या दगडांकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. पोरी, माझी पाचावर धारण बसली. हातपाय असे गार पडले, की हातमोज्यांतली बोटं आहेत की नाहीत ते कळेना. आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला. इतका वेळ नव्हती, ती रेंज त्या वळणावर आली होती. लेकीचा निरोप होता. 'कुठे आहेस? येऊ का न्यायला?' मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. माझा अंगठा त्या काचेवर गेलासुद्धा.

"सगळे इथूनच फोन करतात," तो हळूच म्हणाला. "मग त्यांना न्यायला कोणीतरी येतं... उजेड घेऊन. मी वाट बघतो... पण हॉर्न कोणी देत नाही. खाली कोणी पोहोचलेलंच नसतं ना..."

त्या आवाजात धमकी नव्हती. दुकानात कधीकधी एखादा म्हातारा येतो आणि हळूच विचारतो, 'बाई, आता नवीन काच लावूनही दिसणार नाही का?' तसा आवाज होता. मला भीती वाटत होतीच, पण त्या भीतीतच त्याची दयाही आली, आणि थोडा रागही आला. वाटेत मला इतक्यांनी हात दिला. पंपावरच्या बाईने विचारलं होतं का, तू कोण, कुठली, जिवंत की मेलेली? मग मीच का विचारावं? आणि खरं सांगायचं, तर मला गाडी विकायची नव्हती.

मी फोन खिशात टाकला.

"माझ्या मागे या," मी म्हणाले. आवाज कापत होता, कापू दे. "रस्ता मलाही माहीत नाही. पण कडेचा पांढरा पट्टा मला दिसतोय. काचा घासून घासून एवढी नजर तयार झाली आहे. इंडिकेटर लावा."

"तो लागत नाही..."

"लावून तर बघा."

मी त्याच्या बाजूने गाडी पुढे काढली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. कोपराला कोपर लागलं, तेव्हा खांद्यापर्यंत बर्फ भरल्यासारखं झालं. पहिला गियर टाकला, ब्रेकवरचा पाय उचलला आणि पांढऱ्या पट्ट्यावर नजर रोवली. मग आरशात पाहिलं. मागे धुक्यात एक पिवळा ठिपका मिचकत होता.

तो उतार मी कसा उतरले, ते माझं मला माहीत. मानेवर सतत गार श्वास लागत होता. पट्टा मधेच चिखलाखाली जायचा, मधेच तुटायचा. मला वाटेतली सगळी माणसं आठवत होती. ट्रकवाल्याने शिकवलेला गियर मला धरून ठेवत होता, पंपावरच्या बाईची लोकर बोटं हलती ठेवत होती. आणि पंक्चरवाल्याने लावलेला तो बल्ब... तो नसता, तर मागच्याने बघायचं तरी कशाकडे?

एका आडव्या वळणानंतर आरशातला ठिपका दिसेनासा झाला.

मनात म्हटलं, सुटले, गाडी हाक. हाताने अॅक्सिलरेटर पिळलाही थोडा. पण रीत म्हणजे रीत, मागच्याला टाकून जायचं नाही. मी थांबले. त्या पांढऱ्या शांततेत इंजिन फडफडत होतं आणि माझे दात वाजत होते.

"आलात का?" मी विचारलं.

काही नाही.

"अहो... आलात का?"

"आलो..." अगदी कानापाशी.

किंकाळी गळ्यापर्यंत आली होती, ती गिळली. गाडी सोडली. ठिपका पुन्हा मागे लागला.

मग हळूहळू पट्टा लांबपर्यंत दिसायला लागला. झाड दिसलं. झाडाला रंग आला. एका वळणावर धुकं एकदम मागे राहिलं आणि समोर खाली सगळा मुलूख उन्हात पसरलेला, संध्याकाळचं सोनेरी ऊन, लांबवर गावांची छपरं. पायथ्याशी गाडी कडेला घेतली आणि पाठ वळवून उभी राहिले. मागे बघायचं धाडस नव्हतं, पण निघायचंही नव्हतं. मी वाट बघत होते.

एकदा हॉर्न वाजला. जुना, घसा बसलेला, पण चांगला लांबलचक. इतकी वर्षं दाबून ठेवलेला असावा.

मी वळले. रस्ता कोरडा, उन्हाने तापलेला, रिकामा. बंद खोलीचा तो वास गेला होता. मी तिथे रस्त्यातच बसले आणि आधी रडले, मग एकटीच मोठमोठ्याने हसले. एका ट्रॅक्टरवाल्याने थांबून पाणीसुद्धा विचारलं. इतकी जिंकल्यासारखी मी लग्नातही नव्हते.

लेक फाटकात उभी होती. मला वरून खालपर्यंत पाहिलं, गाडीला फेरी मारली, आणि आतून चादर आणून गाडीवर घातली. नीट, चारही कोपरे ओढून. विकायचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही.

तिच्याकडे बरेच दिवस राहून मी परत निघाले. त्या दिवशी घाट लख्ख होता. टपरीवर थांबले, तर चहावालीच्या हातातला ग्लास डुचमळला.

"तुम्ही...?" ती म्हणाली. "हात द्या बघू."

मी हातमोजा काढून हात दिला. तिने तो दाबून पाहिला, तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला.

"तो लाल फडक्यावाला आता दिसत नाही," ती म्हणाली. "पण लोक सांगतात, धुकं असलं की आता पुढे एक बाई असते. निळी गाडी. पार खालपर्यंत नेते. मला वाटलं, तुम्ही त्या दिवशी..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. मीही करायला लावलं नाही. हातमोजे पंपावरच्या बाईला परत दिले आणि घरी आले.

तर आता तुझ्यासाठी सांगते. कधीकधी भरदुपारी दुकानात काच घासत असताना माझी बोटं एकदम गारठतात, क्लच धरल्यासारखी वळतात. संध्याकाळी घरी येऊन गाडीवरचं कव्हर उचलते. किल्ली माझ्या पिशवीत असते, हँडल लॉक असतं, आणि चाकं ओली असतात. इंजिनावर हात ठेवला, तर ऊब लागते. आधी मला दरदरून घाम फुटायचा. आता कोरडं फडकं घेते आणि चाकं पुसून काढते. कोणीतरी नीट खाली पोहोचलं, एवढं मनात येतं, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगते.

म्हणून उद्या घाबरू नकोस. धुक्यात निळी गाडी दिसली, तर डावा इंडिकेटर लाव आणि मागे राहा. हाक मारू नकोस, आणि पुढे जाऊन तोंड बघायचा प्रयत्न तर मुळीच करू नकोस. खाली पोहोचलीस, की एकदा हॉर्न दे.

तो मात्र विसरू नकोस हं. मागे एकजण हॉर्न न देताच निघून गेला. दुकानाचे मालक मला संध्याकाळभर हाका मारत होते म्हणे, खांदा धरून हलवत होते. मी खुर्चीतच होते, डोळे उघडे होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं.