दुसऱ्या रकान्यातला शब्द

रेव्हरंड शांतवन दुशिंग गेले आठ दिवस डोक्यावर जाळीची टोपी घालून वावरत होते. टोपी घालूनच पोहे खायचे, टोपी घालूनच कुंड्यांना पाणी घालायचे, आणि रविवारी तर टोपीसकट चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसले. जालन्यात कुणी वळूनही पाहिलं नाही. मेंदूत गाठ निघाली की शस्त्रक्रियेआधी आठ दिवस शब्दजाळी घालायची, हे आता मोतीबिंदूआधी डोळ्यांत थेंब घालण्याइतकं सवयीचं झालं होतं.

माणूस एखादा शब्द बोलला की मेंदूत जिथे हालचाल होते ती जागा जाळी ढोबळपणे टिपून ठेवायची. माणसांची नावं आणि बाकीचे शब्द मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी ये-जा करतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणून तर म्हातारपणी ‘अरे तो, आपला तो’ करत माणूस एखाद्याचं नाव शोधत बसतो, पण खुर्चीला खुर्ची म्हणायला विसरत नाही. रेव्हरंडांची गाठ नेमकी नावांच्या वाटेवर बसली होती, डाव्या कानाच्या वर, बोराएवढी.

नववा दिवस पुण्याच्या रुग्णालयाचा. आदल्या सकाळी तबिथाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, जेवणाच्या टेबलावर रुग्णालयाचा फॉर्म भरायला बसल्या. फॉर्मला दोन रकाने होते. पहिल्यात व्यक्तींची नावं, दुसऱ्यात इतर जपायचे शब्द. शस्त्रक्रियेत रुग्णाला जागं ठेवत आणि पहिल्या रकान्यातली नावं दर पाच मिनिटांनी त्याच्याकडून वदवून घेत. तो अडखळला की सुरी थांबायची. दुसरा रकाना सुरुवातीला एकदाच वाचून घेत, जागा न तपासता, कारण त्या शब्दांची वाट गाठीपासून लांब असते. कुठला शब्द नाव आणि कुठला नाही, हे यंत्राला फक्त हा फॉर्म सांगे.

तबिथाबाईंनी पहिल्या रकान्यात मुलगा योएल, नात शलोमी, दीर मनोहर अशी नावं लिहिली. येशू लिहिलं. आधार कार्डावर होतं तसं स्वतःचंही नाव लिहिलं, तबिथा.

“ख्रिस्त,” रेव्हरंड म्हणाले. “दुसऱ्या रकान्यात.”

बाईंचा पेन थांबला. “अहो, निदान या फॉर्मवर तरी भांडण नको.”

“भांडण कसलं? येशू हे नाव. ख्रिस्त ही पदवी. मशीहा, अभिषिक्त, ज्याच्या मस्तकावर तेल ओतलं तो. राजा, याजक, संदेष्टा यांच्या रांगेत घाल त्याला.”

हे भांडण जुनं होतं. बायबलच्या नव्या मराठी भाषांतरासाठी रेव्हरंड आणि निवृत्त मुख्याध्यापक दानिएल साळवे अकरा वर्षं एका समितीवर बसले आणि अकरा वर्षं या एका शब्दावरून एकमेकांचं डोकं खात राहिले. रेव्हरंडांचं म्हणणं, सगळीकडे ‘अभिषिक्त’ लिहा, म्हणजे लोकांना कळेल तरी की हे आडनाव नव्हे. साळवे सर म्हणायचे, “येशूची गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानांत पदवी आहे, कबूल. पण पौलाची पत्रं वाचा. येशूच्या वधस्तंभाला पुरी पंचवीस वर्षं झाली नव्हती आणि हा माणूस तो शब्द नावासारखा वापरतो. साहेब, ‘बाबासाहेब’ म्हटल्यावर तुम्ही कधी विचारता का, कोण साहेब? माणूस जिवाचा झाला की पदवीचं नाव होतं.” रेव्हरंड नाक मुरडायचे. शेवटी तळटीप घालून वाद मिटवला, म्हणजे मिटवला नाहीच. या सगळ्या सभा दुशिंगांच्या घरी व्हायच्या. तबिथाबाईंनी अकरा वर्षं चहा दिला आणि तोंडातून ब्र काढला नाही.

त्यांनी ‘ख्रिस्त’ दुसऱ्या रकान्यात लिहिलं. हटून बसलेल्या नवऱ्याशी फॉर्मवरून काय वाद घालायचा!

पुण्यात सकाळी नऊला शस्त्रक्रिया सुरू झाली. रुग्णाच्या उशाशी घरचं एक माणूस ‘सोबती’ म्हणून बसवत, कारण शब्द खरे उमटतात ते आपल्या माणसाशी बोलताना. निळा झगा घालून तबिथाबाई बसल्या होत्या. मध्ये पडदा होता. अलीकडे नवऱ्याचा चेहरा, पलीकडे उघडी कवटी, मेंदूवर अंथरलेली दुसरी, फार नाजूक जाळी आणि डॉ. वैदेही चांदोरकर. बाईंना डॉक्टरांचा फक्त आवाज येत होता.

दुसरा रकाना सुरुवातीलाच झाला. राजा, याजक, ख्रिस्त, भाकरी, सगळं रेव्हरंडांनी झरझर म्हटलं. मग समोरच्या स्क्रीनवर फोटो येऊ लागले.

“योएल. शलोमी. मनोहर. दानिएल, हटवादी माणूस.”

डॉक्टर पलीकडून हसल्या. बाईंचा फोटो आला. “तबिथा,” रेव्हरंड म्हणाले, वर्गात हजेरी घेतात तसं.

दोन तास असेच गेले. योएल, शलोमी, मनोहर, तबिथा. एकही नाव चुकलं नाही. सुरी पुढे सरकत होती आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता, तो हळूहळू खाली येऊ लागला.

अकरा वाजून गेल्यावर रेव्हरंडांनी ओठांवरून जीभ फिरवली. “घसा कोरडा पडलाय, अगं...”

बाई कापूस ओला करता करता थबकल्या. अगं? हा माणूस आपल्याला अगं कधी म्हणाला?

“कुणाला सांगताय?” त्यांनी विचारलं.

“तुला. तुला गं... ” रेव्हरंडांचे ओठ हलले आणि तसेच राहिले. ते बाईंकडे बघत होते. ओळख होती डोळ्यांत, पूर्ण ओळख होती, पण हाक येत नव्हती.

“डॉक्टर, थांबा! हात थांबवा!”

“काय झालं, आजी? नावं तर सगळी बरोबर येताहेत.”

“येताहेत. पण मला ते तबिथा म्हणतच नाहीत. चव्वेचाळीस वर्षांत एकदा म्हणाले नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“बाई.”

ते असं झालं होतं. लग्नाआधी त्या मिशनच्या शाळेत शिकवायच्या आणि शांतवन बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट होते. मुलं ‘बाई’ म्हणायची म्हणून तेही म्हणायचे. लग्न झालं, मुलगा झाला, शाळा सुटली, हाक तीच राहिली. फॉर्म भरताना ती दोघांनाही आठवली नाही.

“पण आजी, बाई हा साधा शब्द आहे. त्याची वाट इकडे नसते.”

“तपासून बघा.”

डॉक्टरांनी रेव्हरंडांना तो शब्द ऐकवला. जाळीवर कुठे हालचाल होते ते पाहिलं. मग पलीकडचा आवाज बदलून आला. “नावांतच आहे. गाठीला अगदी चिकटून. वाट दुखावली आहे, तुटलेली नाही. बरं झालं थांबवलंत.”

तबिथाबाईंना सुटल्यासारखं वाटलं ते एक श्वासभरच. दुसऱ्याच श्वासाला त्यांना दुसऱ्या रकान्यातला तो शब्द आठवला. “अजून एक तपासा,” त्या म्हणाल्या. “ख्रिस्त.”

डॉक्टरांनी तोही शब्द ऐकवला. “तोही तिथेच. गाठीच्या दुसऱ्या कडेला.”

आता लपवण्यासारखं काही नव्हतं. गाठीचा हरभऱ्याएवढा शेवटचा तुकडा उरला होता. त्याच्यापर्यंत दोनच बाजूंनी पोचता येत होतं. एकीकडून गेलं तर ‘बाई’ची वाट तुटणार, दुसरीकडून गेलं तर ‘ख्रिस्त’ची. तुकडा तसाच ठेवला तर गाठ वर्षभरात पुन्हा वाढणार, आणि तेव्हा सगळीच नावं जाणार, माणूसही जाईल.

“शब्द पुसला जात नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच्याकडे जायची वाट राहत नाही. समोर आला तरी परका वाटतो. नंतर शिकवता येतो. पण पहिल्यांदा जसा शिकवाल तसा तो बसतो. वस्तू म्हणून शिकवला तर वस्तूंमध्ये, माणूस म्हणून शिकवला तर माणसांमध्ये. नंतर जागा बदलत नाही. निर्णय दहा मिनिटांत हवा, यापुढे मेंदूला सूज येईल. आणि नियमाप्रमाणे रुग्णाची आणि सोबत्याची, दोघांची संमती हवी.”

रेव्हरंडांनी सगळं ऐकलं होतं. बाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

“अहो, माझं नाव येतंय ना तुम्हाला? मला तबिथा म्हणत जा. मी ओ देईन.”

“तबिथा आधार कार्डावर असते,” रेव्हरंड हळू म्हणाले. “आपल्या घरात ती कधी नव्हती.” मग आवाज चढवून म्हणाले, “डॉक्टर! ख्रिस्त ही पदवी आहे. पदवीला दुसरा शब्द चालतो. अभिषिक्त. मी आयुष्यभर हेच सांगतोय. त्या बाजूने जा.”

बाईंना संताप आला. इतक्या वर्षांचा गिळलेला संताप नेमका तिथे, त्या टेबलापाशी आला. “खोटं बोलताय तुम्ही! तुमच्या डोक्यातच दिसतंय की ते नाव आहे. साळवे सरांचं खरं होतं. मरतानाही हट्ट सोडणार नाही का?”

“त्याचं खरं असेल,” रेव्हरंड म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. “त्याला नको सांगूस.”

“मग असं कसं म्हणता? तुम्ही पाळक आहात. शेकडो माणसांना बाप्तिस्मा दिलात त्या नावाने.”

“त्याचं माझ्या हाकेवाचून काही अडत नाही. मी विसरलो तरी तो आहे तिथे राहील. तुझं अडेल.”

“माझं काही अडणार नाही.”

“मग माझं अडेल,” रेव्हरंड म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

“सहा मिनिटं,” पलीकडून आवाज आला.

नर्सने संमतीची पाटी बाईंपुढे धरली. फक्त अंगठा टेकवायचा होता. नाही म्हणायचा पूर्ण अधिकार त्यांना होता, आणि नाहीच म्हणायला हवं, हे त्यांना कळत होतं. रोज पहाटे गुडघे टेकणारी बाई ती. नवऱ्याच्या तोंडून हा शब्द आपल्या अंगठ्याने काढून घ्यायचा? त्यांनी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द जुळेनात. कारण त्यांच्या मनात एकच गोष्ट स्पष्ट होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती. त्यांना ती हाक हवी होती. सकाळी चष्मा सापडत नाही म्हणून मारलेली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून मारलेली, साधी, चिडकी हाक. देवासमोर उभं करून विचारलं असतं तरी त्यांना ती हवी होती.

“दोन मिनिटं, आजी.”

त्यांनी अंगठा टेकवला.

तीन आठवडे झाले. जखम भरली, तपासण्या स्वच्छ आल्या. जालन्याच्या घरात दिवसातून चाळीस वेळा हाक ऐकू येऊ लागली. बाई, टॉवेल. बाई, दूध उतू जातंय. पहिल्या दिवशी बाई मोरीत जाऊन रडल्या होत्या. आता त्या ओ देत होत्या, पण प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचायचं. साळवे सर दोनदा येऊन गेले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

त्या दिवशी सकाळी रेव्हरंड प्रथमच स्वतःहून बायबल घेऊन खिडकीशी बसले. शुभवर्तमान त्यांनी सहज वाचलं, कारण तिथे गोष्ट होती आणि येशू होता. मग ते पौलाच्या पत्रांकडे वळले. बाई पलीकडे शेंगा सोलत होत्या. वाचनाचा आवाज अडला, पुढे गेला, पुन्हा अडला.

“बाई,” ते म्हणाले.

“काय हो?”

“हा इथे सारखा येतोय.” त्यांनी ओळीवर बोट ठेवलं होतं. “पौल याच्याशिवाय चार ओळी लिहीत नाही. मी त्याच्यामध्ये आहे म्हणतो, तो माझ्यामध्ये आहे म्हणतो. येशूचा कुणी अगदी जवळचा दिसतोय.” त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, नुसतं कुतूहल होतं, आणि तेच बाईंना बघवेना. “कोण गं हा?”

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. एका शब्दाचं उत्तर होतं, अभिषिक्त. ते रेव्हरंडांचंच होतं. त्यांनी समाधानाने मान हलवली असती, शब्द राजा आणि याजक यांच्या रांगेत जाऊन कायमचा बसला असता, आणि जन्मभराचा वाद ते न कळताच जिंकले असते. नाहीतर मग शेजारच्या माणसाची ओळख करून द्यावी तशी त्याची ओळख करून द्यायची. पण त्यासाठी तो आपल्या ओळखीचा हवा. अकरा वर्षं सगळे वाद घालत होते तेव्हा तो तुमचा कोण, हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

त्यांनी पदराला हात पुसले आणि खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. रेव्हरंड बोट न हलवता वाट बघत होते.

“सांगते,” तबिथाबाई म्हणाल्या. पण सत्तर वर्षं ज्याला हाक मारली, त्याला आपण कधी भेटलो होतो का?