करंगळीची जागा

"त्यांना म्हणावं, भंडाऱ्याची पिशवी घ्या आन् ट्रॅक्टरवर बसा," संपत उंबऱ्यातूनच बायकोला, रुपालीला म्हणाला. 'त्या' म्हणजे अनसाबाई, त्याच्या थोरल्या भावाची विधवा... चार हातांवर गोठ्याच्या दारात उभी होती! नऊ वर्षं तो तिच्याशी असाच, रुपालीच्या तोंडून बोलत आला होता.

पण भांडगावच्या या धनगराच्या घरात थोरल्या सुनेच्या हाताचा तेलभंडाऱ्याचा ठसा उमटल्याशिवाय कुठलीही वस्तू आत येत नसे, आणि मुरघासासाठी, गुरांच्या मुरवलेल्या चाऱ्यासाठी, जुनी का होईना, ट्रॉली आणायची होती. तेवढ्यापुरती तिची गरज उरली होती.

नऊ वर्षांपूर्वी मुरघासाचा मका भरलेल्या ट्रॉलीचा फाळका, मागची झडप, अवचित उघडला आणि मागं खेळणारा पाच वर्षांचा बिरू, संपत-रुपालीचा तेव्हाचा एकुलता लेक, त्या ओल्या ढिगाखाली गेला. त्या दिवशी फाळक्याची पिन रुपालीनं घालायची होती, पण संपतला ते ठाऊक नव्हतं. "आक्का, घातल्याचं आठवत न्हाई वो..." ती थिजून अनसाबाईच्या कानात कुजबुजली होती. तिच्या पोटात दुसरं लेकरू होतं, आणि संपतच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं! मग अनसाबाईनं बेलभंडारा उचलला आणि देवाच्या साक्षीनं सांगितलं, "पिन मीच इसरले."

वांझोटीनं डाव साधला, असं गाव बोललं. तिनं ते निमूट पदरात घेतलं आणि आपली चूल गोठ्याशेजारी मांडली. तिनंच तर बिरूला अंगाखांद्यावर वाढवलं होतं! चारा कापणाऱ्या कुट्टी मशीननं तिच्या उजव्या हाताची करंगळी नेली होती. त्या रिकाम्या जागी आपलं इवलं बोट ठेवून तो म्हणायचा, "मोठ्याई, ही घे तुजी करंगळी!"

शिरूरच्या बायपासला इनुसमामांचं जुन्या ट्रॉल्यांचं आवार होतं. भर दुपार, रस्त्यावर ट्रकांची रीघ. पण तिघांनी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो सगळा गोंगाट कुणी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. वारा नव्हता, तरी कुठंतरी साखळी खळकन हलली... आणि रिकाम्या ट्रॉल्यांतून मुरघासाचा आंबूस वास आला.

संपत एकेका ट्रॉलीचा पत्रा ठोकत, टायर चाचपत फिरला आणि उंच जाळीच्या एका हिरव्या ट्रॉलीपाशी थांबला. "ही चांगली दिसतीया, मामा."

इनुसमामा म्हातारे, खोटं बोलून माल खपवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दाढी कुरवाळली. "ती ऱ्हाऊ द्या, संपतराव. तीन गिऱ्हाइकांनी परत आणली. पिन घातली तरी पडतीया. भोक तपासलं, पिन बदलली... मिस्तरीलाबी कळंना."

"पिन काय आपोआप पडतीया व्हय!" संपतनं पिन घातली, वरून हातोडीचे दोन घाव घातले आणि मागं सरला.

सगळे उभे राहिले. हळूहळू... कुणी चिमटीत धरून फिरवावी तशी ती पिन फिरली, वर सरकली आणि खण्णकन खाली पडली! फाळका दाणकन उघडला. त्या हादऱ्यानं हिरव्या रंगाचा मोठा पापुद्रा निखळला, आणि खाली दिसला तेलात कालवलेल्या भंडाऱ्याचा जुना ठसा. चार मोठी बोटं. करंगळीच्या जागी एक इवलंसं बोट!

तीच ट्रॉली, बिरू गेल्यावर विकलेली, नंतर कुणीतरी हिरवी रंगवलेली... ती आणली त्या दिवशी बिरू अनसाबाईच्या कडेवर होता, आणि तिच्या ठशात त्यानं आपलंही बोट उमटवलं होतं.

"म्हंजी मी घातली हुती!" रुपालीनं काळीज फाडणारी किंकाळी फोडली. "आक्का, मी पिन घातली हुती वो! ती आपसूक पडली... माझ्या हातनं माझं लेकरू न्हाई गेलं!"

अनसाबाईनं धावून तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. संपत गर्रकन वळला होता.

"पिन तुझ्याकडं हुती?"

"तिला काय बी बोलू नगा, भावजी!"

संपतनं नऊ वर्षं गिळलेला शब्द बाहेर पडता पडेना. "वैनी..." तो म्हणाला. "भंडारा उचलून खोटं बोललात? गावानं काय काय म्हणलं तुम्हाला... मी म्हणलो! कशापायी?"

"पोर तर गेलंच हुतं. घर जायला नगं हुतं," ती इतकंच म्हणाली.

तो तिथंच, मातीत, तिच्या पायांवर कोसळला. तिच्या व्याकूळ अंतःकरणातलं पाणी नऊ वर्षांनी डोळ्यांवाटे मोकळं झालं, आणि रुपाली दोघांना धरून हमसून हमसून रडली. इनुसमामा पाठ फिरवून चष्मा पुसत राहिले.

शेवटी दुसरीच ट्रॉली घेतली, निळी. संपतनं भंडाऱ्याची पिशवी स्वतः उघडून धरली. "वैनी, तुमचाच हात लागू द्या." तिनं फाळक्यावर तेलभंडाऱ्याचा ठसा उमटवला. चार बोटांचा.

दिवस मावळायच्या आत ते भांडगावला पोचले. "वैनी, उतरा. आजपास्नं आपली चूल एक," संपत सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला आणि पिन बघायला मागं गेला. पिन जागच्या जागी, घट्ट होती. पण तो तिथंच खिळून राहिला.

अनसाबाई जवळ आली. उन्हावाऱ्यात भंडारा पार सुकून गेला होता. चार बोटं... आणि करंगळीच्या जागी एक इवलंसं पाचवं. तिनं हात त्यावर ठेवला. तेवढं एक बोट अजून ओलं होतं.